मुहूर्ताचे फोटो

आईचा कॅमेरा ऐन मुहूर्ताला बंद पडला, हे मला आईने सांगितलं नाही. ते साताऱ्याला, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळलं. सोनिया मॅडमचं माहेर आष्ट्याचं. डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "आमच्याकडं परवा एका लग्नात गंमतच झाली. अक्षता पडायच्या वेळेला फोटोवाली बाई आपला कॅमेरा उघडून बघत बसलेली. मुहूर्ताचा एक फोटो नाही. माधवनगरची विधवा बाई होती म्हणे. तिला नवरीच्या खोलीपर्यंत आत घेतली, मग दुसरं काय होणार?" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हीही तिकडच्याच ना? तुमच्या ओळखीतली आहे का हो?"

"माझी आई आहे," मी म्हटलं.

त्यांनी मला भेंडीची भाजी वाढली.

संध्याकाळी मी आईला फोन केला. ती सांगलीजवळ माधवनगरला एकटी राहायची. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या. तिने आधी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"ते राहू दे. झालं काय?"

"स्क्रीन काळी पडली. एकदम. बॅटरी बदलली, बंद करून चालू केला, लेन्स काढून परत लावली. तेवढ्यात सावधान झालं." मग ती म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार गं. बोटं जड झालीत आता."

"कॅमेरा दुकानात दाखव."

"दाखवते," ती म्हणाली.

तिने दाखवला नाही. कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवला आणि तासगावचं एक लग्न आलं होतं त्यांना दुसरा फोटोग्राफर बघा म्हणून सांगितलं. मग आष्ट्याला जाऊन नवरीच्या घरच्यांची माफी मागून आली. हेही मला नंतरच कळलं. आषाढात एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भेटायला येणारी माणसं दारातच चपला काढत एकमेकांना सांगायची, "ते आष्ट्याचं मनाला लावून घेतलं त्यांनी." जणू आष्ट्याचं म्हणजे एखादा आजार होता, जो तिला तिच्याच हलगर्जीपणामुळे झाला होता.

आईने कॅमेरा हातात घेतला तो बाबा गेल्यावर. बाबा माधवनगरच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी स्टुडिओ टाकला. आई तेव्हा फोटो कापायची, अल्बम चिकटवायची, निगेटिव्हवरचे डाग ब्रशने घालवायची. मी कॉलेजात असताना बाबा गेले आणि तिने स्टुडिओचं शटर पुन्हा उघडलं. सुरुवातीला तिला कुणी लग्नाला बोलावलं नाही. मग लोकांच्या लक्षात आलं, की ही बाई आहे, नवरी साडी नेसत असताना खोलीत जाऊ शकते, पुरुष फोटोग्राफरला ते जमत नाही. तेव्हापासून बोलावणी यायला लागली, पण अटी घालून. हळदीला तिने जवळ यायचं नाही. नवरीच्या अंगाला हात लावायचा नाही, पदर सारखा करायचा असला तर दुसऱ्या कुणाला सांगायचं. आईने वाद घातला नाही. तिने लांब पल्ल्याची एक लेन्स घेतली आणि हळदीचे फोटो मांडवाच्या टोकाला उभी राहून काढायला लागली. लांबून काढले की माणूस तेवढा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं पुसट होतं. सांगलीत पुढे ते फोटो नावाजले गेले. बायका म्हणायच्या, त्रिशलाबाईंचे हळदीचे फोटो बघा, काय नाजूक येतात.

दोन वर्षांपूर्वी साखरेमुळे तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब झाला. इतकी वर्षं ज्या डोळ्याने तिने व्ह्यूफाइंडरमधून बघितलं होतं, तो हाच. डाव्या डोळ्याची सवय तिला लागली नाही. म्हणून मी तिला नवा, मिररलेस कॅमेरा घ्यायला लावला. त्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर सगळं मोठं दिसतं, डोळा लावायची गरजच नाही. ती त्याला 'टीव्हीवाला' म्हणायची.

तिचं सामान आवरून झाल्यावर मी एवढी एकच वस्तू साताऱ्याला आणली. फोटो काढायला नाही. मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती: बिघडला तो कॅमेरा, की आई. ती स्वतः चुकले म्हणत गेली, आष्ट्याची माणसंही तेच म्हणत होती. यंत्रात दोष सापडला असता तर निदान एकाला तरी मी खोटं ठरवू शकले असते.

रविवारी दुपारी खिडकीजवळ बसून मी बॅटरी चार्ज करून आत घातली आणि बटण सरकवलं. स्क्रीन काळीच राहिली. पण आत काहीतरी बारीक कुरकुरलं, लेन्स किंचित हलली. म्हणजे तो चालू होता. मी सहज व्ह्यूफाइंडरला डोळा लावला.

आत सगळं होतं. खिडकीचे गज, दोरीवरचा टॉवेल, पलीकडच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह, उरलेल्या फोटोंचा आकडा. कॅमेऱ्याला काही झालेलं नव्हतं. त्या दिवशी आईने एकदा, नुसता एकदा डोळा लावला असता, तर अंतरपाट, अक्षता, हार, सगळं लग्न तिला तिथे दिसलं असतं. पण त्या डोळ्याला दिसायचंच बंद झालं होतं, म्हणून तर हा कॅमेरा घेतला होता.

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत बिघाडांचं एक प्रकरण असतं. डावीकडे लक्षण, उजवीकडे काय तपासायचं ते. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, पण त्या महिन्यात मला वाचता आलेलं गद्य तेवढंच. त्यात कुणी कुणाला काही म्हणत नाही. स्क्रीनवर काही दिसत नसेल, तर अमुक बघा. तरीही दिसत नसेल, तर तमुक बघा.

व्ह्यूफाइंडरमध्ये बघत बघतच मी मेन्यू उघडला. तिथे एक सेटिंग असतं, चित्र कुठे दाखवायचं त्याचं: फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये, फक्त स्क्रीनवर, किंवा कॅमेऱ्याने आपलं आपण ठरवायचं. आईचा कॅमेरा शेवटच्या पर्यायावर होता. मी 'फक्त स्क्रीन' केलं आणि स्क्रीन लख्ख उजळली. म्हणजे स्क्रीनही ठीक होती. परत पहिल्यासारखं केलं, परत काळी.

राहिला तो ठरवणारा. व्ह्यूफाइंडरच्या काचेवर, रबराच्या कडेच्या आत, एक छोटीशी खिडकी असते. तिला आय सेन्सर म्हणतात. कुणी डोळा जवळ आणला की तिला ते कळतं, ती स्क्रीन विझवते आणि चित्र आत पाठवते. डोळा हलला की चित्र परत बाहेर. आईच्या कॅमेऱ्याला वाटत होतं, की कुणीतरी डोळा लावून उभं आहे आणि हलतच नाही.

पुस्तिकेत लिहिलं होतं: धूळ असेल तर पुसा. पुसली. कडक ऊन थेट पडत असेल तर बाजूला व्हा. खिडकीकडे पाठ केली. स्क्रीन बाहेर ओढलेली नाही ना, बघा. नव्हती. सगळी सेटिंगं मूळपदावर आणा. आणली. इंटरनेटवर जगभरची माणसं हीच तक्रार घेऊन बसलेली दिसली. कुणाचा कॅमेरा पोटावर लोंबकळताना शर्टालाच डोळा समजत होता, कुणाचा टोपीच्या कडेला. एकाने लिहिलं होतं, रबर काढून बघा, आत काय काय सापडतं.

मी रबर वर ओढून काढलं. मोबाइलचा टॉर्च लावला. सेन्सरची खिडकी काळपट लाल दिसत होती, ती तशीच असते. चष्म्याच्या कापडाने पुन्हा जोरात पुसली तेव्हा तिची कड उचलली गेली. काचेला अशी कड नसते. मी नख घातलं आणि खिडकीचा रंग नखावर आला.

ती टिकली होती. बारीक, काळपट मरून, मखमली. स्क्रीन उजळली, माझ्या मांडीचं आणि जमिनीवरच्या फरशीचं चित्र दिसायला लागलं.

ती तिथे कशी गेली, हे कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. टिकली काढली की ती आपण फेकत नाही. समोर जे काही कडक, गुळगुळीत असेल त्यावर दाबून ठेवतो. आरसा, कपाटाचं दार, मोरीतली फरशी, फ्रिज. हात ते आपलं आपण करतो, डोकं त्यात नसतं. प्रश्न होता तो एवढाच, की आईच्या हातात टिकली आली कुठून. बाबा गेले त्या दिवशी माझ्या आत्याने आईच्या आरशावरच्या सगळ्या टिकल्या सुरीने खरवडून काढल्या होत्या. त्यानंतर आमच्या घरात टिकली होती ती माझी, तीही मी माहेरी गेले की.

पुढच्या शनिवारी मी माधवनगरला ज्ञानूकाकांकडे गेले. ते बाबांचे मिलमधले सोबती. आई फोटो काढायची त्या प्रत्येक लग्नात व्हिडिओ तेच काढायचे. आष्ट्याच्या त्या लग्नाचा अल्बम शेवटी त्यांच्याच व्हिडिओतून चित्रं काढून भरला होता. त्यात सगळ्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे आलेत, असं त्यांनीच मला आईच्या दहाव्याला सांगितलं होतं.

मी कागदात ठेवलेली टिकली त्यांच्यापुढे उघडली आणि कुठे सापडली ते सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती जवळून बघितली.

"हे वहिनीचं न्हवं," ते म्हणाले.

"ते मलाही माहीत आहे, काका."

"पूजाचं हाय. नवरीचं. साडी निसून झाली तसं मला बी आत घेतलं हुतं. मेकपवालीनं भुवईवरनं रांगच लावली हुती तिच्या, मुंग्या चालल्यागत. त्यातली एक उरली. तर ती पोर म्हणली, मावशी, इकडं बघा. आन लावली की वहिनीच्या कपाळाला. आरसा म्होरं धरला. वहिनी हसली बघ. मी म्हणलं, वहिनी, तसंच ऱ्हावा, तुमचाच व्हिडिओ काढतो."

"मग?"

"मग काय." त्यांनी चष्मा खाली घेतला. "दाराच्या भायेर अंबूबाई हुबी. पूजाची आत्ती. ती बी बिगर कुकवाची, उंबऱ्याच्या आत पाय टाकत न्हाई असल्या वक्ताला. ती भायेरनंच म्हणली, 'लावा की लावा. आमीच येडं म्हणायचं, उगं कपाळ मोकळं घिऊन फिरतोय जलमभर.' वहिनीच्या एका हातात कॅमेरा हुता, दुसऱ्या हातानं काढली टिकली. पुढं काय केली ते मी न्हाई बघितलं. भायेर बँड लागला, मी पळालो."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही."

"काय सांगू, पोरी? टिकलीनं कॅमेरा बंद पडतो हे मला तरी कुठं म्हाईत हुतं?"

"अंबूबाई बोलल्या ते."

"बोलणं व्हय," ते हसले. "आगं, ह्या धंद्यात बोलणं जेवणाबरोबर वाढत्यात. ते कोण घरी आणतंय बांधून."

मी म्हटलं, "काका, आष्ट्याला माझ्याबरोबर चला. तुम्ही समोर होता."

"चलू की," ते लगेच म्हणाले. काकूंनी चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला, बशी खाली ठेवली. "पण असं बघ, दिवाळीनंतर पूजाच्या थोरल्या भावाचं लगीन हाय. व्हिडिओ मलाच दिलाय. तू जाऊन बोल. माझं नाव न्हाई घेतलंस तरी चालतंय."

नागपंचमीला पूजा माहेरी येणार हे नक्की होतं. आमच्या भागात पंचमीला मुलगी माहेरी आली नाही तर गाव विचारतं, भांडण झालं का म्हणून. मी त्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले आणि दुपारी आष्ट्यात उतरले. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात ट्रॅक्टर, बाजूला उसाच्या पाचटाची गंजी, झाडाला बांधलेल्या झोक्यावर गल्लीतल्या मुली. पूजा मला बघून उठली. हातावर कालची मेंदी, अंगावर नवी साडी. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला, पण तिने पाणी आणलं, म्हणाली, "बसा ना ताई. मावशींचं कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं."

अंबूबाई दाराला लागूनच्या सोप्यात लाह्या पाखडत बसल्या होत्या. काटक बाई, फिकट निळं लुगडं, हातात काही नाही. सूप थांबवून त्या म्हणाल्या, "वाईट झालं बाई. माणूस चांगलं हुतं तुझी आई. आली हुती हितं, हात जोडून गेली. माझं चुकलं म्हणली. मी म्हणलं, जाऊ द्या, झालं त्ये झालं."

"त्याबद्दलच आले मी," मी म्हटलं. "तिचं चुकलं नव्हतं."

मी बॅगेतून कॅमेरा काढला. पुस्तिकेच्या भाषेत बोलायचं, असं मी गाडीतच ठरवलं होतं. कुणाला काही म्हणायचं नाही. काय झालं ते दाखवायचं. मी स्क्रीन लावून त्यांच्यासमोर धरली. त्यात सूप दिसलं, लाह्या दिसल्या, अंबूबाईंचे पाय दिसले. मग सेन्सरवर अंगठा ठेवला. स्क्रीन काळी झाली. अंगठा काढला, पुन्हा लाह्या.

"बघू," अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. काढला. परत ठेवला. त्यांना गंमत वाटली. "लबाडच हाय की ह्यो. डोळं झाकलं की आंधळा."

"त्या दिवशी ह्याच्यावर टिकली चिकटली होती," मी म्हटलं. "आईने कपाळावरची काढली, ती गडबडीत इथे लागली. म्हणून स्क्रीन काळी झाली. कॅमेरा बिघडला नव्हता. आईनेही काही चुकीचं दाबलं नव्हतं."

पूजा माझ्याकडे बघत नव्हती. अंबूबाई मात्र बघत होत्या. त्यांनी कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला.

"म्हंजे टिकलीनं झालं."

"टिकलीमुळे. हो."

"मग आमी काय येगळं म्हणत हुतो?"

मला पटकन कळलं नाही.

"आगं, आमी त्येच म्हणत हुतो," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, जणू शिकवणी मला हवी होती. "यंत्रात काय न्हवतं. बाईच्या हातात बी काय न्हवतं. करू ने ते केलं, म्हणून बंद पडला. लोकांला म्हाईत न्हवतं काय केलं त्ये. आता तूच सांगितलंस."

मी आष्ट्याला येताना नकाराची तयारी करून आले होते. त्या म्हणतील, असं काही झालंच नाही. त्या म्हणतील, कसली टिकली. त्या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. होकाराला नव्हतं.

"तिथे कागदाचा कपटा चिकटला असता तरी हेच झालं असतं," मी म्हटलं. "पीठ लागलं असतं तरी. कुणाचं बोट आलं असतं तरी."

"व्हय. पण आलं का? आली ती टिकलीच."

"ती तिने स्वतः लावली नव्हती. पूजाने लावली होती."

आम्ही दोघींनी पूजाकडे बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती, पदराचा एक धागा बोटाला गुंडाळत. मेंदीचा रंग चांगला चढला होता. मी म्हटलं, "पूजा, तू सांग."

"मला नाही आठवत, ताई," ती म्हणाली. "किती गडबड होती. मेकअप चालू होता. कोण कोण बायका होत्या खोलीत."

"तू आरसा धरला होतास तिच्यासमोर."

"नाही हो आठवत."

अंबूबाईंनी स्वतः बघितलं होतं. त्या दारात उभ्या होत्या, बोलल्या त्याच होत्या. पूजा खोटं बोलते आहे हे त्या सोप्यात तिघींना माहीत होतं. अंबूबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि सूप उचललं. लाह्या दोनदा वर गेल्या, खाली आल्या.

"तुला काय पायजे बाई?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. दुकानदार विचारतो तसं.

"माझ्या आईचं चुकलं नव्हतं, एवढं तुम्ही म्हणायचं. आष्ट्यात ज्यांना तुम्ही दुसरं सांगितलंत त्यांना आता हे सांगायचं."

"मी एकटी कुठं बोलले? गाव बोललं."

"आधी तुम्ही बोललात. खोलीच्या दारात."

त्यांचा हात थांबला. हे मला कुणी सांगितलं याचा त्या अंदाज घेत असाव्यात. ज्ञानूकाकांचं नाव मी घेतलं नाही. त्यांना दिवाळीनंतरचं लग्न होतं.

"बोलले," अंबूबाई म्हणाल्या. "बोलले असंन. ऐक आता. ही पोर माझ्या मांडीवर वाढली. हिची आई रानात, मी घरात. हिला गोवर आला तवा मी जागले, हिला शाळंला मी सोडली. हिचं लगीन मी कुठनं बघितलं म्हाईत हाय? सैपाकघराच्या खिडकीतनं. मंगलाष्टका ऐकू आल्या, माणसांच्या पाठी दिसल्या. आन तुझी आई कुठं? नवरीम्होरं. अंतरपाटाला हात लागंल हितनं. का, तर गळ्यात कॅमेरा हाय. वर आन टिकली. तिला मी माझ्यापेक्षा वंगाळ काय बी लावलं न्हाई बाई. जे मला लागू, ते तिला लागू. माझं काय चुकलं हुतं, हे सांगायला माझं कोण आलं गावभर?"

त्या क्षणी मला त्यांची कीव यायला हवी होती. पुस्तकांत अशा वेळी येते. समोरची बाई आपल्या आईसारखीच आहे, हे कळतं आणि काहीतरी विरघळतं. मलाही ते कळलं, चांगलं स्पष्ट कळलं. विरघळलं काही नाही. मला वाटलं, खिडकीतून बाहेर यायला हिला वीसेक वर्षं होती, ती तिने दुसरी कुणी बाहेर येत नाही ना, यावर लक्ष ठेवण्यात घालवली. आणि तसं म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, व्हय, मग?

मी कॅमेरा बॅगेत घातला. उद्या, फार तर परवा, आष्ट्यात कळेल, की त्रिशलाबाईंनी लग्नात टिकली लावली होती आणि म्हणून कॅमेरा बंद पडला; त्यांच्या लेकीनेच येऊन सांगितलं, कॅमेरा घेऊन आली होती, दाखवलं सगळ्यांना. आतापर्यंत ती नुसती विधवा, म्हातारी होत चाललेली फोटोवाली होती. सोनिया मॅडम डबा उघडताना सांगतील. मला भाजी वाढतील.

"निघते," मी म्हटलं.

"सणाची आलीस, काय तरी खाऊन जा. दिंडं केल्यात पुरणाची."

"नको."

"बरं, ऱ्हाऊ दे. पण तशी जाऊ नको. पूजे, सवाष्ण हाय ती, कुकू लाव. करंडा आण." त्यांना स्वतःला ते लावता येत नव्हतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि जराशा मागे सरकल्या, वाट मोकळी करून दिल्यासारख्या.

पूजा करंडा घेऊन आली. आता ती माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले होते. एवढ्यात ती काही बोलेल, असं मला वाटलं. मी थांबले. तिला पुरेसा वेळ मिळेल इतकी थांबले. तिने हळद लावायला बोट बुडवलं आणि हात माझ्या कपाळाकडे आणला.

"राहू दे," मी म्हटलं. "हेही तुला आठवणार नाही."

तिचा हात तिथेच राहिला. झोक्यावरच्या मुली गाणं म्हणत होत्या, त्यांनी आमच्याकडे बघून गाणं थांबवलं आणि परत सुरू केलं. मी पायरी उतरून चपला शोधायला लागले.

मागून अंबूबाई पूजाला म्हणाल्या, "ताठा बघ. आईचाच हाय."

आईला ताठा असता तर टिकली तिच्या कपाळावर राहिली असती, आणि मुहूर्ताचे फोटो ह्यांच्या अल्बममध्ये.